बेळगावात बनवून घेतलेला फणसाचा १४ इंची स्नेअर: काम, खर्च आणि आवाज

आधी निकाल सांगून टाकतो, घाई असेल त्यांनी एवढंच वाचलं तरी चालेल. बेळगावात स्वतःच्या मापाचा, स्वतः निवडलेल्या लाकडाचा स्नेअर, म्हणजे ड्रम सेटमधला खालून तारा लावलेला ड्रम, बनवून घेता येतो आणि तो खरंच चांगला वाजतो, "इथल्या मानाने बरा आहे" असं म्हणायची पाळी येत नाही. फक्त पैसा आणि डोकं कुठं घालायचं ते आधी ठरवा. बहुतेक जण पॉलिशला आणि चकचकीत लगना (हेड ताणणारे रॉड ज्यांत बसतात ते) पैसे घालतात आणि ज्या कडेवर हेड (ड्रमवर ताणलेला पडदा) टेकतं ती कड, म्हणजे बेअरिंग एज, कुणीतरी अंदाजाने घासून देतो. मग ड्रम ट्यूनच होत नाही आणि दोष जातो लाकडाला. कड आणि स्नेअर बेड (खालच्या कडेला तारेसाठी दिलेली उतरण) ह्या दोन गोष्टी बरोबर झाल्या की बाकी सगळं नंतर बदलता येतं, त्या चुकल्या की कितीही भारी हेड लावा काय उपयोग नाही.

मी ऑर्केस्ट्रात वाजवतो, गणपतीचे कार्यक्रम, लग्नं, आणि अधूनमधून कॅम्पातल्या चर्चच्या क्वायरबरोबर. सेटबरोबर आलेला पातळ प्लायचा स्नेअर मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये नुसता किणकिणायचा, मधला भरीव आवाजच नाही, साउंडवाला दर वेळी खालची फ्रिक्वेन्सी वाढवून वाढवून दमायचा. बाहेरचा चांगला मेपलचा घ्यायचा तर किंमत बघूनच गप्प बसावं लागतं. तेव्हा ठरवलं की १४ इंच बाय साडेसहा इंच, १० लगचा, जाड भिंतीचा लाकडी स्नेअर इथंच करून घ्यायचा. साडेसहा इंच खोली मुद्दाम, साडेपाचला आवाज चटकन तुटतो, ऑर्केस्ट्राच्या स्लो गाण्यांना थोडं पोट लागतं.

लाकूड

लाकूड फणसाचं. खानापूर भागातल्या एका पाडलेल्या घराच्या तुळया वखारीत आल्या होत्या, त्यातली एक घेतली. फणस का तर मृदंगम फणसाचंच असतं, तंजावरच्या वीणेलाही फणसच वापरतात, म्हणजे वाद्याचं लाकूड म्हणून त्याची परीक्षा आपल्या आधीच झालेली आहे. शिवाय खानापुरात फणसाला काय तोटा नाही. सागही मिळाला असता पण सागात तेल असतं, जोड चिकटवायच्या आधी थिनर किंवा अॅसिटोनने पुसून लगेच फेविकॉल लावावं लागतं नाहीतर जोड दगा देतो, आणि स्टेव्ह शेलमध्ये, म्हणजे पट्ट्या चिकटवून केलेल्या खोडात, तर जोडच जोड असतात.

जुनं लाकूड घ्या ही माझी सगळ्यात मोठी शिफारस. आपल्याकडचा पाऊस माहीत आहे, जूनपासून चार महिने हवेतच पाणी. ओलं लाकूड कापून गोल जोडलं की उन्हाळ्यात आकसणार आणि फटी पडणार. साधं मॉइश्चर मीटर ऑनलाइन स्वस्तात मिळतं, ते टोचून बघा, १० टक्क्यांच्या आसपास आलं तरच करवतीवर चढवा. आणि कापून झालं तरी फळ्या थोडे दिवस घरात रचून ठेवा, मध्ये काड्या घालून, हवा खेळायला.

खोड

कंपनीचे शेल प्लायचे असतात, पातळ थर साच्यात दाबून चिकटवलेले, त्याला साचा आणि प्रेस लागतो, ते आपल्याकडे जमणारं काम नाही. दुसरी रीत एकच फळी वाफेवर वाकवून जोडायची, स्लिंगरलँडचे जुने रेडिओ किंग स्नेअर तसे होते, एका सलग मेपलचे, पण तीही इथं अवघडच. जमण्यासारखी रीत म्हणजे स्टेव्ह. लाकडी पिंप करतात तशा उभ्या पट्ट्या बाजूबाजूला चिकटवायच्या आणि मग आतून बाहेरून टर्निंग मारायचं.

मी २० पट्ट्या घेतल्या. हिशेब सोपा आहे, ३६० भागिले २० म्हणजे १८, त्याचा निम्मा ९ अंश, म्हणजे प्रत्येक पट्टीच्या दोन्ही कडा ९ अंशात तिरक्या. बाहेरून पट्टीची रुंदी साधारण सव्वादोन इंच, जाडी कच्ची एक इंच. २० घेण्याचं अजून एक कारण म्हणजे १० लग बसवताना प्रत्येक लग एक सोडून एक पट्टीच्या बरोबर मध्यावर येतो, भोक जोडावर पडत नाही. हे आधी कागदावर काढलं नाही तर नंतर लई पंचाईत होते.

पट्ट्या बेळगावातल्याच शहापूरच्या एका मेस्त्रींकडे कापून घेतल्या. त्यांचा धंदा दारं-खिडक्यांचा. आधी म्हणाले, "ढोलकीचं खोड पाहिजे तर सरळ आख्ख्या ओंडक्यातनं कोरून देतो की, हे तुकडे कशाला जोडत बसतायसा?" मी त्यांना बसवून सांगितलं की ढोलकीचं खोड तसंच होतं पण १४ इंच रुंद, पातळ भिंतीचं, तडा न गेलेलं कडं एका ओंडक्यातनं काढायचं म्हणजे झाड केवढं लागेल आणि वाळताना त्याचं काय होईल. मग कागदावरचं चित्र बघितल्यावर माणसाला असा काही हुरूप आला की करवतीचा कोन सेट करायलाच अर्धी दुपार घालवली. आणि ती घालवायलाच पाहिजे, कारण ४० कडा आहेत, प्रत्येक कडेला पाव अंश चुकला तरी सगळं मिळून १० अंशांची फट शेवटी एका जागी येऊन उभी राहते. त्यांनी आधी एमडीएफच्या पट्ट्या कापून कोरडं कडं जुळवून बघितलं, मगच फणसाला हात लावला. अशा माणसाला पैसे देताना बरं वाटतं.

चिकटवायला फेविकॉल मरीन, बाहेरून ट्रकवाले वापरतात तसले रॅचेटचे पट्टे तीन ठिकाणी, आणि एक दिवस तसंच सोडून दिलं. फार आवळू नका, सगळा गोंद पिळून बाहेर आला तर जोडात काय राहणार.

टर्निंग

इथं उद्यमबाग कामाला आली. लाकडाच्या लेथवर एवढा व्यास बसेना, आणि उद्यमबागेत तर फौंड्री आणि मशीन शॉपचा मेळाच आहे, १४ इंच त्यांना काय मोठं नाही. पण लोखंडाच्या लेथवर लाकूड घ्यायला बरेच जण नाही म्हणतात, भुसा स्लाइडच्या तेलात बसतो आणि चिखल होतो, त्यांचंही बरोबरच आहे. शेवटी एका छोट्या शॉपचे मालक तयार झाले, अट एकच, भुसा काढायला व्हॅक्युम मी आणायचा आणि मशीन मी पुसून द्यायचं. दिलं पुसून. ऑपरेटर कन्नड बोलणारा, मी कोन आणि मापं दाखवत होतो तर शांतपणे म्हणाला "आगतैति बिडरी" (होतंय, सोडा), आणि खरंच झालं.

मापं लिहून ठेवा. १४ इंची हेडचं शेल बाहेरून पूर्ण १४ इंच म्हणजे ३५५.६ मिलिमीटर करायचं नसतं, हेडची रिंग त्याच्यावर सैल फिरली पाहिजे, म्हणून आम्ही ३५२ ठेवलं. भिंत १२ मिलिमीटर. उंची १६५. नुसतं खोड सव्वा किलोच्या आसपास भरलं. आतून टर्निंग करताना टूल थरथरतं, पट्टीचे दाणे उपटले जातात, तिथं शेवटचे दोन कट अगदी बारीक घ्यायला सांगा आणि मग पॉलिश पेपर.

बेअरिंग एज आणि स्नेअर बेड

आता खरा मुद्दा, इथं नीट वाचा.

कड दोन्ही बाजूंनी ४५ अंशात, आतली उतरती लांब आणि बाहेरची छोटी, टोक थोडंसं बाहेरच्या बाजूला. टोक अगदी सुरीसारखं ठेवलं नाही, पेपरने हलका हात फिरवला, कारण मला उघडा झणझणीत आवाज नको होता. अजून गोल केलं की हेड लाकडाला जास्त टेकतं, आवाज कोरडा आणि जुना होतो, ज्याला जे आवडतं ते. पण कोन कुठलाही घ्या, कड एका पातळीत पाहिजे. थोडा चढ-उतार असला तरी त्या जागचा लग बाकीच्यांशी कधी जमत नाही, तुम्ही किल्ली फिरवत बसता आणि हेडला सुरकुती.

हे तपासायला परदेशात लोक खास सपाट दगड विकत घेतात. आपल्याकडे उद्यमबागेत इन्स्पेक्शनला ग्रॅनाइटच्या सरफेस प्लेट पडलेल्या असतात! त्याच शॉपमध्ये खोड प्लेटवर उपडं ठेवलं, आत मोबाइलची टॉर्च, लाइट बंद, आणि कुठून उजेड गळतोय ते बघितलं. दोन जागी बारीक रेघ दिसली. प्लेटला काय होऊ नये म्हणून तिच्यावर ते घासायचं नाही, जाड काचेवर पेपर चिकटवून त्याच्यावर खोड गोल गोल फिरवलं, परत तपासलं, उजेड बंद. एवढ्या एका कामासाठी मी बेळगावला पैकीच्या पैकी मार्क देईन. ज्या गावात हायड्रॉलिकचे पार्ट मायक्रॉनमध्ये मोजतात तिथं ड्रमची कड चुकायचं काही कारणच नाही, फक्त आपण जाऊन सांगितलं पाहिजे की मला ह्याची गरज आहे.

स्नेअर बेड म्हणजे खालच्या कडेला, जिथून तार बाहेर पडते तिथं समोरासमोर दिलेली उथळ उतरण. ती नसली तर तारेची टोकं हेडपासून उचललेली राहतात आणि नुसती भणभण. दीड ते तीन मिलिमीटर खोल असते, मी दीडच घेतली, पण तीन-चार इंचांत हळूहळू उतरत जाणारी. हे मशीनवर करू नका. हाफ राउंड कानस आणि पेपर, थोडं घासायचं, हेड लावून बघायचं. खोल झाली की खालच्या हेडला तिथं सुरकुती पडते आणि गेलेलं लाकूड परत येत नाही. मी हे स्वतः केलं, मेस्त्री शेजारी उभे राहून "हळू, हळू" म्हणत होते.

लग आणि बाकी सामान

लग पितळेचे, भरीव रॉडमधून टर्न केलेले ट्यूब लग, हेही उद्यमबागेतच. ड्रमच्या टेन्शन रॉडचा आटा १२-२४ ह्या इंची मापाचा असतो, आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात सरसकट एम५ आणि एम६ चे टॅप मिळतात, ते जवळपास जातात पण बसत नाहीत, आणि शॉपवाला हमखास म्हणणार "एम६ मारून देतो, काय फरक पडतोय". पडतो. उद्या कार्यक्रमात एक रॉड हरवला तर दुकानातला नवा बसायला पाहिजे. १२-२४ चा टॅप मागवून त्यांच्या हातात द्या, तो नंतर तुमच्याकडेच राहतो. क्रोम केलं नाही, पितळ तसंच ठेवलं, ब्रासोने पुसलं की झालं.

लगच्या खाली लाकडावर वळ उठू नये म्हणून चामड्याच्या चकत्या. अथणीकडे कोल्हापुरी चपला करणारे ओळखीचे आहेत, त्यांच्याकडचे उरलेले तुकडे पंचाने गोल पाडून घेतले, एकदम झकास बसले.

रिम, म्हणजे हेड दाबून धरणारी कडी, मात्र इथं करायच्या नादाला लागू नका. २.३ मिलिमीटरच्या ट्रिपल फ्लँजच्या दोन, खालचीला तारेसाठी खाचा असलेली. एका ऑनलाइन दुकानातून आलेली पहिली रिम चक्क अंडाकृती होती, बदलून दिली पण दोन आठवडे गेले. आल्या आल्या सपाट फरशीवर ठेवून डुलते का बघा आणि व्यास दोन-तीन बाजूंनी मोजा. थ्रो-ऑफ (तार आवळायची-सोडायची लिव्हर) आणि बट प्लेट (तारेचं दुसरं टोक धरणारी) बँडच्या सामानातलं घेऊ नका असं मी म्हणेन. मीरतच्या जाली कोठीचं सामान देशभरातल्या बँडवाल्यांना जातं, साइड ड्रमला ते ठीकच आहे, पण इथं लिव्हर बंद-चालू करताना आवाज न होणारा आणि वाजवता वाजवता न सुटणारा पाहिजे, तेव्हा थोडे पैसे जास्त गेले तरी जाऊ देत.

हेड आणि तार

वर रेमोचं कोटेड अँबॅसडर, १० मिलचं, खाली त्यांचंच स्नेअर साइड, ३ मिलचं. एक मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग, म्हणजे खालचं हेड मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षाही पातळ, त्याच्यावर बोट दाबून बघू नका आणि काठी तर अजिबात नको. प्लास्टिकचं हेड आपल्या हवेत फार सोयीचं आहे. हलगीवाले पावसाळ्यात शेकोटीवर हलगी धरून ताणून घेतात ते आपण सगळ्यांनी बघितलंय, ह्या हेडला ओल लागतच नाही. पण लाकडाला लागते हे विसरू नका, म्हणून आतून-बाहेरून दोन्हीकडे फिनिश द्या, बाहेरूनच पॉलिश आणि आत कोरं असं ठेवलं तर ओल एकाच बाजूने शिरते.

फिनिशला मेस्त्री चपडी पॉलिश म्हणत होते, फणसाचा पिवळा रंग त्यात असा काही खुलतो की बघत राहावं. पण चपडीवर पाणी पडलं की पांढरे डाग पडतात आणि आमचे निम्मे कार्यक्रम मांडवात. म्हणून मॅट पीयूचे (पॉलियुरेथेन) दोन पातळ हात. जाड थर नको.

तार २० पदरी, स्टीलची. बसवताना दोन्ही बाजूंचं अंतर स्केलने मोजून मधोमध आणा, तिरकी बसली तर कितीही आवळा, एका बाजूने फडफडणार.

आवाज

खालचं हेड चांगलं टाइट, वरचं मध्यम. पहिल्यांदा किल्लीने ट्यून करताना प्रत्येक रॉड सारखाच फिरला, कुठं अडला नाही, तिथंच कळलं की कड बरोबर आहे. समोरासमोरचे रॉड घेत गेलो, थोडा वेळ लागला, बस.

हळू वाजवलं तरी तार बोलते, हा मला सगळ्यात मोठा फायदा वाटतो. क्वायरमध्ये ब्रशवर किंवा काठीच्या टोकाने घोस्ट नोट (अगदी हलके ठोके) काढल्या तर मागच्या बाकापर्यंत ऐकू येतात. जोरात मारलं तर आवाज भरीव, खाली पोट आहे, वरून मेपलसारखा लखलखाट नाही, थोडा कोरडा आणि गोड. रिमशॉट (रिम आणि हेडवर एकदम मारलेला ठोका) मोठा आहे पण कानात टोचत नाही. गणपतीच्या कार्यक्रमात साउंडवाल्याने ईक्यूला हातच लावला नाही, नुसता "नवीन घेतलासा काय ओ?" म्हणून विचारलं.

कमी कुठं पडतो तेही सांगतो. उघड्या मैदानात, माइक नसताना, धातूच्या स्नेअरसारखा तो लांब कापत जात नाही. लुडविगचा अॅल्युमिनियमचा सुप्राफोनिक १९६० च्या दशकापासून जगभर का वाजतोय ते अशा जागी समजतं. आणि कॅम्पात मराठा लाइट इन्फंट्रीच्या बँडचा साइड ड्रम ऐकून ज्यांना तसा टणक, सुकाखडंग रोल पाहिजे असेल त्यांनी हा नाद करू नये, ते ताणच वेगळे आणि ड्रमही वेगळा. वजनही आहे, लगच्या पितळेमुळे, स्कूटरवर पुढे ठेवून नेताना जाणवतं. मॉलेटने टॉम वाजवताना तार थोडी गुणगुणते, पण ती कुठल्याही चांगल्या स्नेअरची गुणगुणते, लिव्हर बंद करा.

खर्च

सगळं मिळून सोळा-सतरा हजारांत बसलं. लाकूड त्यात किरकोळ, कापणी आणि टर्निंग मिळून साधारण चार हजार, लग दोन हजारांच्या आसपास, उरलेला सगळा पैसा रिम, थ्रो-ऑफ, हेड आणि तारेत. म्हणजे सामान बाहेरचं महाग, माणसाचं काम स्वस्त. हे मला बरोबर वाटत नाही, म्हणून सांगतो, मेस्त्रींशी किंवा शॉपवाल्याशी घासाघीस करू नका. सागवानी दाराच्या चौकटीपेक्षा ह्या कामात डोकं जास्त जातं आणि त्यांना ह्यात परत परत ऑर्डर येणार नाहीये. ह्या पैशांत दुकानातून नवा स्नेअर येतो, होय, पण तो सुरुवातीच्या दर्जाचा प्लायचा. नुकतं शिकायला लागलेल्यांनी मात्र तोच घ्यावा, वर्षभर वाजवून आपल्याला कसला आवाज पाहिजे ते कळू दे. ज्याला काय पाहिजे तेच सांगता येत नाही त्याला कस्टम करून काय मिळणार?

कुणाला करायचंच असेल तर कापणी आणि चिकटवणं फेब्रुवारी ते मे ह्या काळात उरका. उद्यमबागेत दिवाळीच्या आधी जाऊ नका, बोनसच्या आधीच्या ऑर्डरींत कुणाला बोलायला वेळ नसतो. ९ अंशाचा जिग (कापणीचा साचा) मेस्त्रींनी जपून ठेवलाय, १४ इंचाला २० पट्ट्या हेच माप असेल तर तो तसाच चालेल, १३ इंची पाहिजे असेल तर कोन तोच राहतो, फक्त पट्टीची रुंदी कमी करायला सांगा.